बहात्तर स्वीकृत, तीन अस्वीकृत : सल्लागार समित्या आणि उच्च शिक्षणाचे धोरण

आपल्या महाविद्यालयांमधून मुस्लिम समाजाच्या शिक्षणावर जी चर्चासत्रे होतात, त्यांतील बहुतेक निबंध एकाच परिच्छेदाने सुरू होतात. वीस वर्षे व त्यावरील लोकसंख्येत पदवीधर आणि पदविकाधारकांचे प्रमाण देशात सुमारे ७ टक्के, मुस्लिमांत ४ टक्क्यांहूनही कमी. नामांकित महाविद्यालयांतील पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम आणि पदव्युत्तर वर्गात ५० मागे एक. हे आकडे न्या. राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखालील पंतप्रधानांच्या उच्चस्तरीय समितीचे आहेत. समितीची नियुक्ती ९ मार्च २००५ रोजी झाली, अहवाल १७ नोव्हेंबर २००६ रोजी सादर झाला आणि ३० नोव्हेंबरला तो संसदेसमोर ठेवण्यात आला. त्याला आता बराच काळ लोटला. तरीही अहवालाचे शिक्षणविषयक चौथे प्रकरण आपण पाठ म्हणतो आणि शिफारशींचे बारावे प्रकरण क्वचितच उघडतो. समाजाची स्थिती काय होती हे सांगून आपण थांबतो; त्या अहवालाने महाविद्यालयातील प्रवेशाच्या, शिष्यवृत्तीच्या आणि अनुदानाच्या नियमांत नेमके काय बदलले, हा प्रश्न आपल्या निबंधांत फारसा येत नाही. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न घेतला आहे. सल्लागार समिती नेमली म्हणजे धोरण बदलते, ही आपल्याकडील समजूत त्या निमित्ताने तपासून पाहता येते.

सरकारी हिशेब असा आहे. समितीच्या एकूण ७६ शिफारशींपैकी ७२ स्वीकारल्या, ३ नाकारल्या आणि एक पुढे ढकलली. पहिल्या नजरेला हा निकाल कोणत्याही समितीला हेवा वाटावा असा आहे. परंतु नाकारलेल्या तीन शिफारशी पाहाव्यात. जनगणनेत जातींची व समूहांची नोंद करावी, ही पहिली. वक्फ मंडळांसाठी अधिकाऱ्यांचे अखिल भारतीय केडर निर्माण करावे, ही दुसरी. तिसरी शिफारस अशी की, विद्यापीठे व स्वायत्त महाविद्यालये यांत सर्व सामाजिक-धार्मिक गटांतील सर्वाधिक मागासांना प्रवेश सुलभ व्हावा म्हणून प्रवेशाचे पर्यायी निकष ठरवावेत. उच्च शिक्षणाच्या दाराशी थेट जाऊन पोहोचणारी जी शिफारस होती, ती बहात्तरांत नाही. ती या तिघींत आहे.

ही शिफारस नीट वाचण्यासारखी आहे. समितीने सुचवलेल्या पद्धतीत १०० पैकी ६० गुण गुणवत्तेला होते. उरलेले ४० गुण विद्यार्थ्याच्या मागासलेपणासाठी होते आणि ते मोजायचे ते कुटुंबाचे उत्पन्न, जिल्ह्याचे मागासलेपण आणि कुटुंबाचा व्यवसाय व जात यांवरून. यात धर्म हा निकष कोठेही नाही. बडवानीच्या आदिवासी शेतमजुराचा मुलगा, सोलापूरच्या यंत्रमाग कामगाराची मुलगी आणि इंदूरच्या ठेलेवाल्याचा मुलगा या तिघांनाही तो नियम सारखाच लागू झाला असता. त्यामुळे धर्माच्या आधारे सवलत दिल्याचा आक्षेप या शिफारशीवर घेता आला नसता. ती अव्यवहार्य होती असेही म्हणता येत नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मागास जिल्ह्यांतून येणाऱ्या उमेदवारांना प्रवेशात अधिकचे गुण देण्याची पद्धत १९९० च्या दशकापासून चालू होती; देशात उदाहरण होते, यादी कशी करायची हे ठाऊक होते.

मग ती मागे का पडली? माझ्या मते याचे उत्तर शिफारशीच्या गुणदोषांपेक्षा त्या वर्षाच्या घडामोडींत सापडते. २००६ हे वर्ष केंद्रीय शिक्षणसंस्थांत इतर मागासवर्गीयांना २७ टक्के आरक्षण देण्यावरून पेटलेले होते. त्याच वर्षी वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखाली एक देखरेख समिती नेमली गेली. आरक्षण द्यावे की नाही, हे त्या समितीला विचारलेले नव्हते. तो निर्णय झालेला होता. ते कसे द्यावे, इतकेच तिच्याकडे सोपवले होते. सर्वसाधारण गटाच्या जागा कमी होऊ नयेत म्हणून एकूण जागा ५४ टक्क्यांनी वाढवाव्यात आणि ही वाढ टप्प्याटप्प्याने करावी, असे तिने सांगितले. त्याप्रमाणे कायदा झाला, पैसा आला आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवल्यावर अंमलबजावणीही झाली. सच्चर समितीला मात्र स्थिती काय आहे आणि शासनाने कोठे हस्तक्षेप करावा, असे विचारले होते. दोन समित्या एकाच वर्षात, एकाच शासनाखाली काम करीत होत्या. ज्या समितीला ‘कसे’ विचारले, तिचा शब्द जागांच्या आकड्यापर्यंत पोहोचला. जिला ‘काय’ विचारले, तिची जागांविषयीची शिफारस तेवढी परत आली.

समितीची बाजूही निर्दोष नव्हती, हे सांगितले पाहिजे. शिक्षण हा १९७६ पासून समवर्ती सूचीतील विषय आहे आणि बहुसंख्य विद्यार्थी राज्य विद्यापीठांना संलग्न महाविद्यालयांत शिकतात. त्या जागांचे नियम राज्ये करतात. देवी अहिल्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातील प्रवेश कोणत्या निकषावर व्हावेत, हे दिल्लीतील समितीने कितीही योग्य सांगितले तरी त्याचा आदेश भोपाळहून निघतो. अशा शिफारशीबरोबर एखाद्या आदर्श नियमावलीचा मसुदा, राज्यांशी करायच्या व्यवहाराची रूपरेषा, निदान एका विद्यापीठाचे उदाहरण घेऊन केलेले गणित असायला हवे होते. आकडेवारीत शेकडो पाने खर्च करणाऱ्या अहवालाने आपल्या सर्वांत धाडसी सूचनेला थोडक्यात उरकावे, ही त्याची मोठी त्रुटी आहे. मोजण्याचे काम अर्थशास्त्रज्ञांनी उत्तम केले. नियम लिहिण्याचे काम त्यांनी दुसऱ्या कोणावर तरी सोडले.

स्वीकृतीचा अर्थ

आता स्वीकारलेल्या शिफारशींकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांना व विद्यापीठांना द्यायच्या निधीचा काही भाग विद्यार्थ्यांमधील वैविध्याशी जोडावा, अशी एक शिफारस होती. ज्या महाविद्यालयात वेगवेगळ्या थरांतील विद्यार्थी अधिक, त्याला थोडे अधिक अनुदान. हे तत्त्व स्वीकारले गेले आणि वैविध्य निर्देशांक कसा काढावा यासाठी प्रा. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला गेला. त्याने २००८ मध्ये अहवाल दिला. समान संधी आयोगाची शिफारसही स्वीकारली गेली; तिच्यासाठी प्रा. माधव मेनन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला, त्यानेही २००८ मध्ये अहवाल दिला. पुढे फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने केवळ अल्पसंख्याकांपुरत्या समान संधी आयोगाला मंजुरी दिली, तेव्हा लोकसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या. तो आयोग अस्तित्वात आला नाही. अनुदानाला वैविध्याशी जोडणारी व्यवस्थाही आली नाही.

म्हणजे एका समितीच्या पोटी दोन समित्या जन्मल्या आणि हिशेबाच्या वहीत त्या दोन्ही शिफारशी ‘स्वीकृत’ या रकान्यात राहिल्या. आपण शासकीय पत्रव्यवहारात हा शब्द रोज वाचतो. अर्ज स्वीकारला म्हणजे काम झाले असे आपल्यापैकी कोणी समजत नाही. अहवालाच्या बाबतीत मात्र समजतो.

पुढे ढकललेल्या शिफारशीचीही हीच गत. मुस्लिमांतील पारंपरिक ‘अस्वच्छ’ व्यवसायांशी जोडलेल्या अरजल जातींना अनुसूचित जाती वा अतिमागास गटाचा दर्जा द्यावा, असा तो विषय. धर्मांतरित दलितांच्या अनुसूचित दर्जाचा प्रश्न तपासण्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. त्याच्या मधल्या काळात न्या. रंगनाथ मिश्र आयोग येऊन गेला होता. त्याने २००७ मध्ये अहवाल दिला. बिगर-अल्पसंख्याक शिक्षणसंस्थांतील १५ टक्के जागा अल्पसंख्याकांसाठी व त्यांपैकी १० टक्के मुस्लिमांसाठी ठेवाव्यात, असे त्यात होते. अहवाल संसदेत मांडायलाच डिसेंबर २००९ उजाडला आणि त्याच्यासोबत कृती-अहवाल नव्हता.

नाकारलेल्या पहिल्या शिफारशीचा पुढील प्रवास याहून उद्बोधक आहे. जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. सच्चर समितीने मागितलेली गोष्ट एकोणीस वर्षांनी मान्य झाली, पण ती सच्चर समितीमुळे मान्य झाली असे कोणी म्हणणार नाही. बिहारची जातगणना, निवडणुकांतील प्रचार, इतर मागासवर्गीयांच्या संघटनांचा दबाव यांतून ती आली. शिफारस बरोबर होती म्हणून ती अंमलात आली नाही. ती अंमलात आणल्यावाचून राजकीय पक्षांचे चालेना, तेव्हा ती आली.

योजना आधी, अहवाल नंतर

सच्चर अहवालाचे प्रत्यक्ष फलित म्हणून आपण शिष्यवृत्त्यांकडे बोट दाखवतो. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर आणि गुणवत्ता-नि-साधन शिष्यवृत्त्या २००७ पासून, मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २००८ पासून, संशोधकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २००९ पासून सुरू झाल्या. आपल्या कित्येक विद्यार्थ्यांचे शिक्षण त्यांवर झाले आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण तारखा लावून पाहाव्यात. अल्पसंख्याक मंत्रालय २९ जानेवारी २००६ रोजी स्थापन झाले. पंतप्रधानांचा नवा पंधरा कलमी कार्यक्रम जून २००६ मध्ये जाहीर झाला आणि शिष्यवृत्तीचे कलम त्यात होते. सच्चर समितीचा अहवाल त्यानंतर पाच महिन्यांनी आला. योजनेचा सांगाडा तयार होता. अहवालाने त्याला आकड्यांचा आधार दिला आणि अर्थखात्यासमोर मांडण्यासाठी एक भक्कम कागद दिला. हे काम लहान नाही. तरी ते धोरण ठरवण्याचे काम नव्हे.

योजनेच्या रूपाने आलेल्या गोष्टीचा दुसरा धर्म असा की ती योजनेच्याच वाटेने परत जाते. डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेतील एका उत्तरातून कळले की मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून बंद करण्यात आली आहे. अन्य अधिछात्रवृत्त्यांशी तिची पुनरावृत्ती होते, हे कारण देण्यात आले. त्याच सुमारास मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती नववी-दहावीपुरती मर्यादित झाली, परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाला अनुदान देणारी ‘पढो परदेश’ योजना थांबली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन बंद करण्याचा आदेश निघाला. यांतील एकाही गोष्टीसाठी नवी समिती नेमावी लागली नाही, जुन्या समितीच्या आकड्यांना उत्तर द्यावे लागले नाही, कायदा रद्द करावा लागला नाही. उलट २००६ चा केंद्रीय शिक्षणसंस्था आरक्षण कायदा पुढच्या सर्व सरकारांच्या काळात जागेवर राहिला. पहिला वर्षाच्या अंदाजपत्रकातील ओळ होता, दुसरा अधिनियम. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीला आणि तिच्या मागून नाव नोंदवणाऱ्या तिच्या मैत्रिणीला हा फरक कोणी समजावून सांगावा लागला नाही.

जिल्ह्याची सरासरी आणि खजराना

यापुढचा मुद्दा आपल्या परिसराशी निगडित आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समितीच्या शिफारशी कोणत्या एककात अंमलात येतात, यावर त्यांचा परिणाम बराचसा ठरतो.

२००१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता ६५.१ टक्के आणि मुस्लिमांची ५९.१ टक्के होती. हा आकडा सर्वत्र सांगितला जातो. परंतु त्याच जनगणनेत मध्य प्रदेशची एकूण साक्षरता ६३.७ टक्के आणि येथील मुस्लिमांची ७०.३ टक्के होती, महाराष्ट्राची ७६.९ आणि तेथील मुस्लिमांची ७८.१. आपल्या दोन्ही राज्यांत मुस्लिम समाज साक्षरतेत सरासरीच्या पुढे होता. याचे मुख्य कारण असे की या भागातील मुस्लिम मोठ्या प्रमाणात शहरी आहेत. म्हणजे उत्तर प्रदेश, बिहार व बंगालमधील ग्रामीण मुस्लिमांचा जो प्रश्न आहे, शाळेपर्यंत पोहोचण्याचा, तो आपला मुख्य प्रश्न नाही. आपला प्रश्न शाळा झाल्यानंतरचा आहे. आठवी-दहावीपर्यंत पोहोचलेला मुलगा गॅरेजमध्ये, जरीकामात वा फळांच्या गाडीवर जातो आणि बारावी झालेली मुलगी घरी राहते. राष्ट्रीय सरासरीवर आखलेले धोरण प्राथमिक शाळेकडे झुकते. आपल्याकडे गळती उच्च शिक्षणाच्या उंबरठ्यावर आहे. सच्चर अहवालात राज्यनिहाय तक्ते आहेत आणि हा फरक त्यांत दिसतो. धोरणाने तो पाहिला नाही आणि आपणही आपल्या निबंधांत देशाचीच टक्केवारी लिहीत राहिलो.

एककाचा दोष बहुक्षेत्रीय विकास कार्यक्रमात उघडा पडला. अहवालानंतर ९० अल्पसंख्याकबहुल जिल्ह्यांची यादी झाली आणि २००८-०९ पासून तेथे शाळा, वसतिगृहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतने यांसाठी निधी देण्याचे ठरले. निकष असा की जिल्ह्याच्या लोकसंख्येत अल्पसंख्याक किमान २५ टक्के असावेत, किंवा २० ते २५ टक्के असल्यास त्यांची संख्या पाच लाखांवर असावी. शिवाय मागासलेपणाचे निकष वेगळे. जिल्हा धरून यादी करण्याची ही पद्धत सच्चर समितीची नव्हे, ती जुनीच. १९८७ मध्ये अशाच ४१ जिल्ह्यांची यादी झाली होती. महाराष्ट्रातील बुलढाणा, वाशिम, हिंगोली आणि परभणी हे जिल्हे नव्या यादीत आले. मध्य प्रदेशातून केवळ भोपाळ.

खजराना हे एके काळचे गाव, आता इंदूरच्या पूर्वेचा दाट वस्तीचा भाग. गणेश मंदिरामुळे आणि नाहरशाह वली यांच्या दर्ग्यामुळे ते शहरभर ओळखीचे आहे. येथील मुस्लिम वस्तीची दाटी कोणाही पायी चालणाऱ्याच्या लक्षात येते. पण इंदूर जिल्हा घेतला की या वस्तीचे प्रमाण महू, सांवेर, देपालपूर आणि शहराच्या इतर भागांत विरघळते, आणि जिल्हा २५ टक्क्यांच्या आसपासही फिरकत नाही. शिवाय इंदूर हे प्रदेशातील सर्वांत संपन्न जिल्ह्यांपैकी. मागासलेपणाच्या निकषावरही ते बाहेर. ज्या अहवालाच्या आधारे कार्यक्रम आखला गेला, त्याचे आकडे खजरान्याला लागू होते आणि कार्यक्रम मात्र नव्हता. मुंब्रा, मालेगाव वा नागपूरच्या मोमीनपुऱ्यातील अध्यापकाने हीच कसोटी लावून पाहिली तर आपापल्या जिल्ह्याविषयी तो असेच काही सांगेल; ठाणे, नाशिक आणि नागपूर त्या यादीत नव्हते.

ही चूक नंतर काही अंशी मान्य झाली. बाराव्या योजनेत, २०१३ पासून, जिल्ह्याऐवजी ७१० गट आणि ६६ शहरे हे एकक धरले गेले. सच्चर अहवालाच्या अंमलबजावणीचे मूल्यमापन करणाऱ्या कुंडू समितीने २०१४ मध्ये एकक आणखी लहान करून वस्तीपर्यंत नेण्याचा आग्रह धरला. तोवर पाच-सहा वर्षांचे निधी वाटून झाले होते.

मागे वळून

हे सर्व सच्चर समितीपुरते वेगळे आहे काय? १८८२ चा हंटर आयोग पाहावा. लॉर्ड रिपन यांनी तो फेब्रुवारी १८८२ मध्ये नेमला. का. त्र्यं. तेलंग त्याचे सदस्य होते. सर सय्यद अहमद खान सदस्य होते आणि त्यांच्या जागी नंतर त्यांचे चिरंजीव सय्यद महमूद आले. आयोगाने मुस्लिमांच्या शिक्षणाविषयी १७ शिफारशी केल्या. श्रेणीवार शिष्यवृत्त्या, काही प्रमाणात फीमाफी, मुस्लिम तपासनीसांची नेमणूक, आणि प्रांताच्या प्रत्येक वार्षिक शिक्षण अहवालात मुस्लिमांच्या शिक्षणावर स्वतंत्र विभाग. ही यादी वाचताना पंधरा कलमी कार्यक्रम वाचत असल्याचा भास होतो. स्वतंत्र विभागाची १८८३ मधील मागणी २००६ मध्ये राष्ट्रीय माहिती-कोशाच्या नावाने पुन्हा आली.

याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपले निवेदन दिले. शेतकऱ्यांच्या श्रमातून येणारा महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि शिक्षण वरून खाली झिरपेल ही सरकारची समजूत फोल आहे, हा त्यांचा मुद्दा होता. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे त्यांनी मागितले. आयोगाने ते मानले नाही. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि देशभराचा कायदा २००९ साली आला. आयोगाचा अहवाल आज शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात आहे. त्याच्यापुढे दिलेले निवेदन चळवळींच्या हातात आहे.

स्वातंत्र्यानंतरचा राधाकृष्णन आयोग (१९४८-४९) हा यशस्वी आयोगाचा नमुना म्हणून सांगितला जातो, कारण विद्यापीठ अनुदान आयोग त्याच्या शिफारशीवरून उभा राहिला. डॉ. झाकिर हुसेन त्याचे सदस्य होते, हे आपल्या वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते. परंतु अलीगढ, बनारस आणि दिल्ली या विद्यापीठांसाठी अनुदान समिती १९४५ पासूनच काम करीत होती. आयोगाने चालू असलेल्या यंत्रणेला मोठे व स्वतंत्र रूप देण्यास सांगितले. तेही १९५३ मध्ये घडले आणि कायदा व्हायला १९५६ उजाडले.

कोठारी आयोगाचे (१९६४-६६) उदाहरण गुंतागुंतीचे आहे. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतले. सय्यद नुरुल्ला यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला ब्रिटिशकालीन भारतीय शिक्षणाचा इतिहास आपल्यातील जुन्या प्राध्यापकांनी वाचलेला असेल. आयोगाने सुचवलेला १०+२+३ हा आकृतिबंध देशभर गेला. तो ‘काय’ या प्रकारातला बदल होता, आणि झाला, हे वर मांडलेल्या मताविरुद्ध जाणारे उदाहरण मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च आणि समान शाळा या दोन शिफारशी मात्र कागदावर राहिल्या. ६ टक्क्यांचे वचन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पुन्हा दिलेले आहे. आकृतिबंध बदलला तरी कोणाची जागा कोणाला द्यावी लागत नव्हती. समान शाळेत ती द्यावी लागली असती. आपल्या आयोगाचे पुढे काय झाले, यावर नाईकांनी एक पुस्तकच लिहिले. ते १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. अहवाल लिहिणाऱ्याने स्वतःच्या अहवालाची इतकी निष्ठुर तपासणी केल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

याउलट, आयोग म्हणवून न घेणाऱ्या कागदांचा प्रभाव पाहावा. पंतप्रधानांच्या व्यापार व उद्योगविषयक परिषदेसाठी कुमारमंगलम बिर्ला आणि मुकेश अंबानी यांनी २००० साली शिक्षण सुधारणेचा अहवाल दिला. खाजगी विद्यापीठे, विद्यार्थ्याकडून खर्चाची वसुली, गरजूंना कर्ज, असा त्याचा रोख होता. त्याच्या शिफारशींची संख्या कोणी मोजली नाही आणि स्वीकृत-अस्वीकृत असा तक्ताही झाला नाही. पण पुढील वर्षांत राज्यामागून राज्याने खाजगी विद्यापीठांचे कायदे केले. मध्य प्रदेशचा २००७ चा आहे. वाऱ्याची दिशा आधीच ठरलेली होती.

आणि प्रा. यशपाल यांची गोष्ट तर दोन्ही बाजूंनी बोलते. छत्तीसगडच्या कायद्याखाली निघालेल्या शंभराहून अधिक खाजगी विद्यापीठांविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये त्या विद्यापीठांचा आधारच न्यायालयाने काढून घेतला. पुढे तेच यशपाल उच्च शिक्षणाच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाले. त्यांच्या २००९ च्या अहवालातील सर्वोच्च नियामक आयोगाची कल्पना विधेयकापर्यंत गेली आणि ते विधेयक नंतर मागे घेतले गेले. अर्जदार यशपाल यांनी जे केले ते अध्यक्ष यशपाल यांना करता आले नाही.

न्यायालयासमोरचा आकडा

वरील विवेचनावरून अहवाल व्यर्थ असतात असा अर्थ कोणी काढू नये. महाराष्ट्रातील २०१४ चे प्रकरण त्याच्या विरुद्ध साक्ष देते. राज्य शासनाने २००८ मध्ये डॉ. महमूदुर रहमान यांच्या अध्यक्षतेखाली मुस्लिमांच्या स्थितीवर अभ्यासगट नेमला. त्याचा अहवाल २०१३ मध्ये आला आणि त्यात किमान ८ टक्के आरक्षणाची शिफारस होती. जुलै २०१४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या आधी, शासनाने अध्यादेश काढून मुस्लिमांतील मागास गटांना ५ टक्के आणि मराठा समाजाला १६ टक्के आरक्षण दिले. दोन्ही मुंबई उच्च न्यायालयात आव्हानित झाले. १४ नोव्हेंबर २०१४ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, मुस्लिमांच्या नोकरीतील आरक्षणालाही दिली. परंतु शिक्षणातील ५ टक्के मात्र चालू ठेवले. त्यासाठी आधार होता तो सच्चर, मिश्र आणि रहमान यांनी गोळा केलेल्या आकडेवारीचा. ज्या समित्यांच्या शिफारशी दिल्लीत बांधून ठेवल्या गेल्या, त्यांचे तक्ते मुंबईत पुरावा म्हणून उभे राहिले.

नंतरचे सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबर २०१४ मध्ये नव्या सरकारने मराठा आरक्षणाचे विधेयक आणले, मुस्लिमांच्या आरक्षणाचे आणले नाही आणि अध्यादेश मुदत संपून गेला. न्यायालयाने राखलेली गोष्ट विधिमंडळाच्या मौनाने संपली. तरीही त्या आदेशातून एक गोष्ट शिल्लक राहते. शिफारस शासनाच्या मर्जीवर असते, आकडा तसा नसतो. तो दुसऱ्या कोणालाही वापरता येतो.

म्हणूनच आकडा कोठे तयार होतो, याकडे मला लक्ष वेधायचे आहे. २०१०-११ पासून दरवर्षी होणाऱ्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार उच्च शिक्षणातील मुस्लिम विद्यार्थ्यांचा वाटा २०१९-२० मध्ये ५.५ टक्के, २०२०-२१ मध्ये ४.६ टक्के आणि २०२१-२२ मध्ये ४.९ टक्के होता. २०११ च्या लोकसंख्येतील वाटा १४.२ टक्के. हे आकडे वृत्तपत्रांत येतात तेव्हा आपण हळहळतो. ते भरतो मात्र आपणच. महाविद्यालयाचा तक्ता नोडल अधिकारी म्हणून आपल्यापैकीच कोणी प्राध्यापक भरतो, बहुधा परीक्षेच्या धामधुमीत, कार्यालयातील लिपिकाने दिलेल्या कागदावरून. एकूण विद्यार्थ्यांखाली मुस्लिम अल्पसंख्याकांची ओळ वेगळी असते. प्रवेश अर्जात धर्माचा रकाना रिकामा राहिला असेल, किंवा इतर मागासवर्गीय म्हणून नोंदलेल्या मन्सुरी, अन्सारी वा पिंजारा विद्यार्थ्याला त्या दुसऱ्या ओळीत मोजायचे राहून गेले असेल, तर तो विद्यार्थी वर्गात असूनही देशाच्या आकड्यात मुस्लिम म्हणून नसतो. घसरण खरी किती आणि नोंदीची किती, हे कळण्याचा मार्ग याच तक्त्यातून जातो.

आणखी एक अडचण आहे. प्रवेश अर्जावर विद्यार्थ्याचा पत्ता असतो, सर्वेक्षणाच्या तक्त्यात तो जात नाही. तेथे महाविद्यालय असते आणि जिल्हा असतो. खजरान्यातून बारावी झालेल्या किती मुली पहिल्या वर्षाला आल्या, त्यांपैकी किती तिसऱ्या वर्षापर्यंत टिकल्या आणि ज्या गेल्या त्या बसच्या अंतरामुळे गेल्या की फीमुळे की लग्नामुळे, हे सांगू शकणारे कागद आपल्या महाविद्यालयांच्या कपाटांत वर्षानुवर्षे बांधून ठेवलेले आहेत. पुढची समिती इंदूरला येईल तेव्हा तीही जिल्ह्याचाच आकडा मागेल, आणि तो देऊन झाल्यावर त्या कपाटातील कागदांविषयी ती विचारणार नाही.